कळलं नाही त्याला सुतक नाही

यावल, २२ डिसेंबर २०२४

सारिका,

तुझं पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे, पण पानभर 'मी बरी आहे, मी बरी आहे' एवढंच. पायात तारा खुपसलेलं माणूस बरं नसतं. खरं लिहीत जा. फोनवर मला नुसती माशी गुणगुणते. तुझा बाप ओरडून सांगतो आणि सांगताना अर्धं गाळतो, म्हणून तर तुला कागदाला लावलं. मी दुसरी शिकले, पुढे साक्षरतेच्या बाई आल्या तेव्हा थोडं घासून घेतलं. तेवढ्यात भागवून घे.

इथे बठ्ठं गाव विचारतं. शालिग्रामची बायको म्हणाली, पाय वाढवायचा म्हणून आधी तोडला म्हणे? मी म्हटलं, केळीचा कंद तासल्याशिवाय लावतेस का तू? मग तिला पहिल्यापासून सांगितलं. तू तिसरीत होतीस, ओट्यावरून उडी मारलीस आणि पाय मोडला. ओटा गुडघ्याएवढा, तेवढ्याने हाड मोडतं का, म्हणून जळगावला फोटो काढला. गुडघ्याखाली नडगीच्या हाडात पोकळी निघाली, आत पिवळं पाणी. डॉक्टरने खरवडली, कमरेच्या हाडाचा चुरा करून भरली. परत पाणी झालं, परत खरवडली. ती गाठ गेली, पण हाड जिथून वाढतं तीच जागा करपली. एक पाय वाढत गेला, दुसरा रुसून बसला. आज चार बोटं फरक. एवढं सगळं ऐकून ती म्हणते, मग लग्नाचं कसं? मी म्हटलं, पाय चालायला लागतो, लग्नाला नाही. तुझे दोन्ही सारखे आहेत, काय दिवे लावलेस?

आबांना खोकला आहे. थंडी फार, केळीचे घड चिमलेत. तुझ्या चपलेखाली दर वर्षी टायरची पट्टी चढवायचं त्यांचं काम यंदा राहिलं, तर म्हणाले, बरं झालं, चपलेपेक्षा पट्ट्या जड झाल्या होत्या.

तुझ्या आईला, लताला सांग, पायाच्या नटांची किल्ली चुकवायची नाही. माहेरी बसली आहे म्हणून भावजयीशी गप्पा मारत वेळ घालवू नको म्हणावं. धुळ्याचं हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून तिला सोनगीरला ठेवलंय, माहेरपणाला नाही.

आजी

*

सोनगीर, ३१ डिसेंबर २०२४

आजी,

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. दुखतं.

पायाभोवती लोखंडी कड्या आहेत. कड्या एकमेकींना दांड्यांनी जोडल्यात आणि कड्यांतून तारा हाडात आरपार गेल्यात. मधे हाड कापलेलं आहे. दांड्यांवर नट आहेत, ते मम्मी किल्लीने पाव-पाव फेरा फिरवते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. दिवसभराची मिळून एक मिलिमीटर फट पडते आणि त्या फटीत नवं हाड धरतं. डॉक्टर म्हणाले, घाईने ओढलं तर हाड धरत नाही, आणि ओढायचं थांबवलं तर फट बुजते, मग हलत नाही. मध्येच थांबायला जागा नाही.

मी बघत नाही. मान भिंतीकडे करते. मामाच्या गल्लीत तांबटांचे ठोके दिवसभर चालतात, ते ऐकत राहते. मम्मी फिरवताना श्वास धरून ठेवते. झालं की आम्ही दोघी एकदम श्वास सोडतो. सोनगीरची आजी तेवढा वेळ मागच्या दारी जाऊन बसते.

तुला एक सांगू? शाळेत प्रार्थनेला उभी राहायचे तेव्हा माझी एक टाच कायम वर असायची. मला बाकी काही नको. एकदा दोन्ही टाचा जमिनीवर टेकवून रांगेत उभं राहायचंय. एवढ्यासाठी हे सगळं सोसायला मी तयार आहे.

आबा एकदाही आले नाहीत. फोनवर नुसतं हां हां करतात. पप्पा म्हणाले होते जानेवारीत घेऊन येतो. कधी येणार ते विचारून लिही.

सारिका

*

यावल, ११ जानेवारी २०२५

अक्का,

नवलने तुला बोदवडला फोन केलाच असेल. हे गेले. गुरुवारी सकाळी गेले, दुपारी उरकलं. तुझे गुडघे सुजलेत, येऊ नकोस. येऊन तरी काय करणार, दोघी मिळून भिंतीला टेकून बसणार.

लिहायचं कारण वेगळं आहे. लताला आणि पोरीला मी कळवलेलं नाही आणि कळवणार नाही. लताला कळलं की ती निघणार. थोरली सून, तिला राहवणार नाही. पोरीला त्या पिंजऱ्यासकट गाडीत घालणार नाहीतर तिथे टाकून येणार. आणि पुढचं तुला सांगायला नको. आपल्यात सुतकात नखसुद्धा काढत नाहीत, अंगाला लोखंड लावत नाहीत. हाडात खुपसलेल्या लोखंडाला कोण हात लावू देईल? किल्ली थांबली की हाड बुजलं. पोर परत चार बोटांवर.

कळलं नाही त्याला सुतक नाही. आपल्या आईनेच सांगितलेलं, तू पण ऐकलंस. ज्या दिवशी कानावर येईल त्या दिवसापासून धरायचं. मग कानावर येऊच द्यायचं नाही. पाय झाला की सांगू, तेव्हा अंघोळ करून मोकळ्या होतील.

नवल रडला. म्हणे, आई, बायकोशी खोटं कसं बोलू? म्हटलं, लग्न झाल्यापासून काय बोलतोस? आमचा पुतण्या भूषण, त्याने तर मोबाईलच्या स्टेटसला टाकायला हार घातलेला फोटो तयार करून ठेवला होता. चौकात बॅनर पण लावणार होता. दोन्ही बंद केलं. मोठ्या माणसाचा मान राहिला नाही म्हणून फुगून बसलाय.

तू तोंड आवर. लताला फोन केलास तर दोन मेले असं समज.

पुष्पा

*

यावल, १५ जानेवारी २०२५

सारिका,

तुझं पत्र वाचलं. दुखतं असं लिहिलंस, आता कसं पत्रासारखं वाटलं. टाचांचं पण वाचलं. होईल. किल्ली फिरवायची तुझ्या आईने आणि सोसायचं तू, बाकीच्यांनी मागच्या दारी बसायचं.

आबांचं विचारलंस. त्यांचा खोकला थांबला. आता रात्री घरात आवाज नसतो. सोनगीरला त्यांचं येणं होणार नाही, वाट बघू नको. तुझं पत्र मी त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचलं. काही बोलले नाहीत. कधी फार बोलायचे?

यंदा तीळगूळ केला नाही, माझे हात दुखतात. तुझ्या आजोळी करतील तो खा. पप्पाला फोनवर आबांना द्या म्हणून धरणं धरू नको, त्याला कामं असतात.

तारांच्या भोकांतून पाणी येतं का, ते तू लिहिलं नाहीस. लिही.

आजी

*

बोदवड, १७ जानेवारी २०२५

पुष्पा,

तुझं पत्र मला काल मिळालं. पोस्टमन आजारी होता म्हणे. नातवाकडून वाचून घेतलं आणि त्याच्याकडूनच लिहून घेते, म्हणून जास्त लिहीत नाही.

तुझं डोकं पहिल्यापासून वकिलाचं. पण मेलेल्या माणसाला सुनेच्या डोळ्यातलं पाणी लागतं की नाही? लताने त्यांच्या ताटाला किती वर्षं वाढलं. तिला परक्यासारखं ठेवलंस हे मला पटलं नाही. तुला कोणी काही सांगितलेलं पटलंय कधी?

आता झालं ते झालं. पोरीचा पाय देव बघेल. तू जेवत जा.

ताईबाई

*

सोनगीर, २३ जानेवारी २०२५

आजी,

आबांचा खोकला गेला वाचून बरं वाटलं. कोणतं औषध लागू पडलं? फोन केला की पप्पा म्हणतात झोपलेत. एवढे का झोपतात? त्यांना सांग, ऊन पडलं की मळ्यात चक्कर मारत जा.

इकडची गंमत सांगते. मला सुट्टी मिळाली होती. नव्या हाडाला विश्रांती द्यायची असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, असं मम्मी म्हणाली आणि तिने किल्लीच फिरवली नाही. बारा-तेरा दिवस. काय सांगू, किती हलकं वाटलं. दोनदा गाढ झोप लागली. मी मामीबरोबर सागरगोटे खेळले.

मम्मीचं मात्र काय चाललंय कळत नाही. तिने माझ्या पायाचा नवस धरला होता. खाली चटईवर झोपायची, ताट वेगळं घ्यायची, केस विंचरायची नाही, देवघराकडे फिरकायची नाही. माझ्या वेणीलाही हात लावला नाही, मामीने घातली. सोनगीरच्या आजीने विचारलं तर म्हणाली नवस सांगितला की मोडतो. काल संपला. डोक्यावरून पाणी घेतलं आणि आज सकाळी किल्ली परत घेतली.

पण नट नीट फिरत नाहीत आजी. फिरवला की तारा वाकतात आणि हाडात अशी कळ येते की मला उलटी झाली. भोकांतून थोडं पाणी येतं. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय.

सारिका

*

यावल, २८ जानेवारी २०२५

लता,

हे पत्र तुला आहे, पोरीला दाखवू नको.

केस विंचरत नाही, चटईवर झोपते, ताट वेगळं, देवाजवळ जात नाही आणि शेवटी डोक्यावरून पाणी. असला नवस कोणत्या देवाचा असतो गं? पोर सोळा वर्षांची आहे, तिला चालेल. मी या घरात तीन सुतकं काढली आहेत.

तुला कोणी सांगितलं ते मला कळलं. बोदवडचं पत्र आलं तेव्हाच कळायला हवं होतं. पण ते राहू दे, तिला मी बघते. तू किल्ली का थांबवलीस? डॉक्टरने विश्रांती सांगितली हे खोटं आहे, कारण पोरीने मला आधीच लिहिलं होतं की मध्ये थांबायला जागा नाही. ते तिला माहीत आणि तुला माहीत नव्हतं?

पुढच्या आठवड्याची वाट बघू नको. हे पत्र हातात पडेल त्या गाडीने धुळ्याला जा आणि डॉक्टरला खरं सांग. नवलला मी पाठवलाच आहे, तो पत्राच्या आधी पोचेल. तो काही विचारणार नाही, त्याच्यात तेवढा जीव राहिलेला नाही.

पुष्पाबाई

*

सोनगीर, ५ फेब्रुवारी २०२५

ती. आई,

आम्ही धुळ्याला जाऊन आलो. फोटो काढला. हाड जुळून गेलं. डॉक्टर म्हणाले तरुण हाड आहे, लवकर धरतं. दीड बोट वाढला तेवढा वाढला. आता एक तर तसाच ठेवायचा, नाहीतर परत भूल देऊन तिथेच परत कापायचं आणि पहिल्यापासून किल्ली. त्यांनी विचारलं, कोणी थांबवलं? सारिका माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं. तिथेच सांगावं लागलं, तिच्यासमोर, खुर्चीत बसून. आबा गेल्याचं तिला असं कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

मावशींचा फोन मला दहा तारखेला सकाळीच आला. त्यांना वाटलं मला माहीत आहे. त्या रडत होत्या आणि मी विचारत होते, कोण, कोण. मग मी यांच्या फोनची वाट पाहिली. यांचा फोन आला, म्हणाले सगळं ठीक आहे. तेव्हा कळलं की तुम्ही ठरवलंय. मग मी पण ठरवलं. तुम्हाला मला कळवायचं नव्हतं, तर मला कळलंय हे मी का सांगू?

किल्ली का थांबवली विचारता. आई, माझी पहिली दिवाळी आठवते का? तुमचे चुलतसासरे वारले होते आणि मी चुकून कढी ढवळली. तुम्ही ती कढी उकिरड्यावर ओतलीत आणि मला सुतक फिटेपर्यंत ओसरीवर बसवलंत. तेव्हापासून या घरात मी कधी चुकले नाही. ज्या माणसाने मला सतरा वर्षं मुलीसारखं वागवलं, त्याच्या सुतकात मी माझ्या हाताने लोखंड धरू? तेही त्याच्या नातीच्या हाडात? हात उचललाच गेला नाही. किल्ली डब्यातून काढायचे आणि परत ठेवायचे. दोन दिवस बंद ठेवली तर काय होतंय, असं रोज वाटायचं. मी शिकलेली नाही असं नाही, बारावी झाले आहे. तरी झालं.

इथे कोणाला सांगता येईना, सांगितलं तर सारिकाला कळणार. मोरीत नळ सोडून रडायचे. सासरा गेल्यावर सून रडते, तेवढं तुम्ही मला द्यायला हवं होतं.

माझं काय ते मी भोगीन. पण ती परत कापून घ्यायला नाही म्हणते.

लता

*

सोनगीर, १४ फेब्रुवारी २०२५

आजी,

तुझी पत्रं काढून परत वाचली. आबांचा खोकला थांबला. रात्री घरात आवाज नसतो. काही बोलले नाहीत. एकही वाक्य खोटं नाही. खोटं लिहिलं असतंस तर मला कमी राग आला असता. मी तुला विचारलं होतं, कोणतं औषध लागू पडलं. ते वाचताना तुला काय वाटलं?

मी सागरगोटे खेळत होते तेव्हा घरी दहावा होता. पप्पांनी डोकं केलं होतं, ते मला टोपी घालून भेटायला आले. सगळ्यांना माहीत होतं. मावसआजीला, भूषणकाकाला, शालिग्रामच्या बायकोलासुद्धा. माझ्या पायासाठी म्हणून माझ्यापासून लपवलं आणि पाय पण गेला.

मी परत कापून घेणार नाही. डॉक्टरांनी महिनाअखेर सांगायला सांगितलंय, मी नाही म्हणून सांगणार. पप्पा म्हणतात पोरी, दीड बोटावर थांबू नको. पण किल्ली कोणाच्या हातात देऊ? मम्मीच्या हातात नाही देणार. आणि तू म्हणालीस फिरव तर तुझंही ऐकणार नाही, कारण तू जे सांगतेस त्याच्या मागे दुसरं काही असतं.

एकच सांग. आबा गेले तेव्हा काय झालं? त्यांनी माझं नाव घेतलं का?

सारिका

*

यावल, २० फेब्रुवारी २०२५

सारिका,

विचारलंस म्हणून लिहिते. मागे काही नाही, हेच आहे.

गुरुवारी पहाटे आबा उठले. थंडी होती, मागच्या अंगणात मी शेकोटी केली होती, तिथे येऊन बसले. पायात मोजा होता, एकच. दुसरा सापडला नाही म्हणाले. मी म्हटलं, कॉटखाली बघा, मी काय तुमचे मोजे राखत बसू? चहा मागितला. मी आत गेले. दूध तापायला वेळ लागला, कारण गॅस संपत आला होता. मी आतूनच बोलत होते. भूषणने पाण्याची पाळी चुकवली, त्याच्याबद्दल बोलत होते. ते आधी हां म्हणत होते, मग म्हणायचे थांबले. मला वाटलं नेहमीसारखं, कंटाळले. चहा घेऊन आले तर मान खाली होती. हात लावला तर कळलं.

तुझं नाव घेतलं नाही. माझं पण घेतलं नाही. शेवटचं बोलणं चहाचं होतं. कोणी तुला सांगेल की ते शेवटपर्यंत सारिका सारिका करत होते, तर विश्वास ठेवू नको, तिथे दुसरं कोणी नव्हतं. दुसरा मोजा कॉटखालीच होता.

तू लिहिलंस, औषधाचं वाचताना तुला काय वाटलं. काही वाटू दिलं नाही. चूल पेटवायची होती.

आता तुझ्या आईचं. तिच्यावर राग धर, पण माझ्यापेक्षा कमी धर. मी सोवळं-ओवळं तिच्या अंगात असं भिनवलं की मलाच ते बाहेर काढता आलं नाही. मी हिशोब केला की कळलं नाही तर सुतक नाही. कळूनही जी बोलणार नाही तिचं काय, ते हिशोबात धरलं नाही. सून इतकी वर्षं घरात वावरते आणि आपण तिला ओळखतो असं वाटतं.

माझं ऐकणार नाहीस म्हणतेस. नको ऐकू. कापून घे असं मी म्हणत नाही, नको घेऊ असंही नाही. फक्त एक विचारते. किल्ली कोणाच्या हातात देऊ, असं लिहिलंस. तुझे हात कुठे गेलेत? नडगी काही पाठीवर नसते, हात पोचतो. आजवर तू भिंतीकडे बघितलंस आणि दुसऱ्याने फिरवलं. त्यामुळे कधी थांबलं, का थांबलं, हे तुला दुसऱ्याने सांगावं लागलं. दुखेल ते तुझं, टाच टेकेल ती तुझी. मग किल्ली आमच्याकडे कशाला?

नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पण आमच्यावर रागावून म्हणू नको. आमचं काय, आम्ही सरळ चालतो.

आजी

*

सोनगीर, ३० एप्रिल २०२५

आजी,

मध्ये पत्र लिहिलं नाही. पप्पांनी तुला सांगितलंच असेल, मार्चमध्ये परत कापलं. या वेळी जास्त दुखलं, कारण काय होणार ते माहीत होतं.

किल्ली मी फिरवते. पहिल्या दिवशी ती हातातून दोनदा खाली पडली. मम्मीने उचलून दिली. नट कुठे बसतो, किती फिरला की थांबायचं, ते तिने एकदाच सांगितलं आणि हात मागे घेतले. आता मी भिंतीकडे बघत नाही. मम्मीशी बोलते, थोडं. तिच्या केसांना मी तेल लावून देते, कारण मला उठता येत नाही आणि ती खाली बसते, तर ते सोपं पडतं. आम्ही आबांचं काही बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले, एकदा बुजलेल्या जागी हाड तेवढ्या खुशीने येत नाही. चारही बोटं भरून निघतील असं ते आता म्हणत नाहीत. तीनपर्यंत जाईल बहुतेक. मी हो म्हटलं.

आज अखजी, अक्षय्य तृतीया. इथे सगळ्या पोरी माहेरी आल्यात, गल्लीत झोके बांधलेत, गाणी चालली आहेत. पप्पांनी सकाळी आबांच्या नावाची नवी घागर भरून पुजली, वर डांगराचं फळ ठेवलं, त्याचा फोटो पाठवला. घागर बघितली आणि मग मला कळलं की आबा खरंच नाहीत. तोपर्यंत नुसतं सांगितलेलं होतं.

मी फोन बाजूला ठेवला आणि दुपारची किल्ली घेतली. फिरवली. दुखलं आणि मी रडायला लागले, आणि मग थांबताच येईना. किल्ली फिरवून झाली तरी रडत होते. सोनगीरची आजी धावत आली, म्हणाली, "काब्र रडी ऱ्हायनी माय? पाय दुखी ऱ्हायना का?"

मी हो म्हटलं. मम्मी दारात उभी होती. तिला कळलं. मग ती पण रडली. आजी दोघींना म्हणाली, आता पोरीचा पाय दुखतो म्हणून आईने रडायचं का?

सारिका

*

यावल, ७ मे २०२५

सारिका,

पत्र वाचलं. तीन तर तीन.

इथे बाया मला म्हणतात, पुष्पाबाईच्या डोळ्याला पाणी नाही, नवरा गेला तर टिपूस काढलं नाही. खरं आहे. मी घरात कोणालाच गळा काढू दिला नव्हता. नवलचा फोन कधी वाजेल याचा नेम नव्हता, आणि पलीकडे तू असायचीस. कोणी हुंदका दिला तर मी हात धरून मळ्यात पाठवायचे. मी पण तोंड मिटून बसले. नंतर वाटलं, आता सगळ्यांना कळलं, आता कोण अडवतंय. एक दिवस मागच्या अंगणात एकटी बसून बघितलं. आलं नाही. परत एकदा बसले, तरी नाही.

तुझं बरं. तुला पाय होता.

आजी